गाठीमागे किती युनिट?

कापसाच्या व्यापारात डोळे मिटून काहीही घेतले जात नाही. दारव्ह्याच्या बाजारात कापसाची गाडी उभी राहिली, की खरेदीदार वरचा कापूस पाहून भाव बोलत नाही. तो हात खोल घालून तळचा कापूस वर काढतो, पुंजका बोटांत धरून धागा ओढून पाहतो, ओलावा अजमावतो, कवडी आणि पालापाचोळा किती आहे ते न्याहाळतो. मग तोंड उघडतो. शंभर किलो कापसातून रुई किती उतरेल, या अंदाजात एका किलोची चूक झाली तरी हंगामाचा नफा कुठल्या कुठे जातो, हे त्याला घरातील वडीलधाऱ्यांनी शिकवलेले असते. रुईचा उतारा, सरकीचा भाव, गाठीचे वजन, वाटेतील घट, गाडीभाडे या प्रत्येक बाबीला त्याच्या वहीत स्वतंत्र रकाना असतो. हाच माणूस विजेचे देयक आले, की शेवटचा आकडा पाहतो, मुनिमाला ‘भरून टाका’ म्हणतो आणि दुसऱ्या कामाला लागतो.

या उदासीनतेला कारण आहे. वीज ही अनेक वर्षे निवडीची वस्तूच नव्हती. मंडळ जो दर लावील तो द्यायचा, पुरवठा गेला तर वाट पाहायची, एवढाच ग्राहकाचा अधिकार होता. पुढे १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आला, २००३ चा विद्युत कायदा आला आणि ६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण ही स्वतंत्र कंपनी झाली. दर आता जाहीर सुनावणीनंतर ठरतात. ग्राहकांचे वर्ग आहेत, दिवसाच्या वेळेनुसार बदलणारे दर आहेत, सवलती आहेत, दंड आहेत. मागणी आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा ओळींनी भरलेले ते देयक म्हणजे एक छोटे करारपत्रच झाले आहे. करारपत्र न वाचता सही न करणारी घराणी या एका करारपत्रावर मात्र दरमहा न वाचता पैसे मोजतात.

दारव्ह्याला इंधनाचा बदल नवीन नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर या अरुंद लोहमार्गावरची ‘शकुंतला’ याच गावावरून जात असे. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गापर्यंत पोहोचवणे, हे तिचे मूळ काम. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले आणि त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. वाफेच्या इंजिनाचा कोळसा फावड्याने मोजता येत असे, डिझेल पिंपाने मोजता येत असे. उधळपट्टी झाली तर ती डोळ्यांना दिसे. वीज दिसत नाही. तारेतून ती येते, मोटारीतून जाते, आणि वाया गेलेली वीज कोपऱ्यात राखेसारखी साचून राहत नाही. न दिसणारी वस्तू मोजायची, तर मोजण्याची विद्या असलेला माणूस लागतो. त्यालाच आज ऊर्जा सल्लागार किंवा ऊर्जा लेखापरीक्षक म्हणतात, आणि त्याची निवड हा व्यापारी घराण्यांपुढचा नवा प्रश्न आहे.

या विद्येला कायद्याचे अधिष्ठान आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि १ मार्च २००२ पासून केंद्रात ऊर्जा दक्षता ब्यूरो काम करू लागला. हा ब्यूरो राष्ट्रीय पातळीवर परीक्षा घेऊन ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक यांना प्रमाणपत्र देतो. पहिले तीन पेपर दोघांना समान असतात; लेखापरीक्षकाला यंत्रसामग्रीच्या कार्यक्षमतेचे मूल्यमापन हा चौथा पेपरही द्यावा लागतो. मोठ्या, ऊर्जेचा प्रचंड वापर करणाऱ्या नियुक्त उद्योगांना हे परीक्षण कायद्याने बंधनकारक आहे. दारव्ह्याच्या जिनिंगला किंवा डाळ मिलला ते बंधनकारक नाही. म्हणूनच निवडीची सारी जबाबदारी मालकावर येते. पुण्याची महाऊर्जा ही राज्य शासनाची संस्था असे परीक्षण करणाऱ्यांची नोंदणी ठेवते. नाव शोधायला तिथून आरंभ करणे इष्ट. पण प्रमाणपत्र म्हणजे केवळ उंबरठा. सनद असलेला प्रत्येक वकील प्रत्येक खटल्याला योग्य नसतो.

विचार स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण कल्पावे. दारव्ह्याजवळ एका कुटुंबाचे जिनिंग-प्रेसिंग आहे. कारखाना आजोबांनी उभा केला, वडिलांनी वाढवला आणि आता पुण्यात शिकून आलेला मुलगा गादीवर बसू लागला आहे. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत चालतो. उरलेले महिने यंत्रे झाकून ठेवलेली असतात. महावितरणशी केलेली करार मागणी ४०० केव्हीए. वर्षाचा वापर सुमारे पाच लाख युनिट. सोपेपणासाठी युनिटमागे आठ रुपये धरले, तर वर्षाला चाळीस लाख रुपये विजेवर जातात. मुलाला हा आकडा खुपतो. तो चौकशी करू लागतो आणि महिन्याभरात तीन माणसे पेढीवर येतात.

पहिला म्हणतो, तुमचा पॉवर फॅक्टर खराब आहे, माझे कपॅसिटर बसवा. दुसरा म्हणतो, छपरावर सौर पॅनेल टाका, वीजबिल शून्य होईल. तिसरा म्हणतो, मला फी नकोच. जेवढे वाचवीन त्याचा चौथा हिस्सा द्या. तिघेही तपासणी विनामूल्य करून देण्यास तयार असतात.

“बाबूजी, तिघेही फुकट तपासून देतो म्हणतात,” मुलगा हर्षाने सांगतो.

“फुकट तपासणारा वैद्य औषधाच्या दुकानात बसलेला असतो,” वडील उत्तरतात. “त्याचे औषध वाईटच असेल असे नाही. पण तो रिकाम्या हाताने कोणाला परत पाठवणार नाही, एवढे लक्षात ठेव.”

वडिलांच्या या वाक्यात निवडीची पहिली कसोटी आहे. सल्ल्याचे पैसे कोण देतो, हे आधी विचारावे. कापसाच्या व्यापारात दलाल असतो, त्याची दलाली ठरलेली आणि सर्वांना ठाऊक असते. तिच्यात कमीपणा नाही. दोष दलालीत नसतो, लपवलेल्या दलालीत असतो. सल्लागार मालकाकडून फी घेतो आणि त्याच वेळी कपॅसिटरच्या, पंख्याच्या किंवा पॅनेलच्या विक्रेत्याकडून टक्केवारी घेतो, तेव्हा त्याचा अहवाल हे परीक्षण न राहता मालाचे दरपत्रक होते. दुकानाचे हिशेब तपासणारा सनदी लेखापाल त्याच दुकानाला माल पुरवत नाही; तोच नियम येथेही लागू करावा. ‘मी सुचवलेल्या कोणत्याही यंत्राच्या विक्रीत माझा हितसंबंध नाही, असल्यास तो येथे नमूद आहे’ एवढे एक वाक्य नेमणुकीच्या पत्रात मागावे. या एका वाक्यावर अडखळणारा माणूस पुढील चौकशीचे श्रम वाचवतो.

दुसरी कसोटी अधिक बारीक आहे आणि दारव्ह्यासारख्या गावात तीच निर्णायक ठरते. त्या तिघांपैकी एकानेही एक साधा प्रश्न विचारला नाही: कारखाना वर्षातून किती तास चालतो?

एखादे उपकरण दोन लाखांचे आहे. वर्षभर अहोरात्र चालणाऱ्या, समजा ६,००० तासांच्या, कारखान्यात ते वर्षाला एक लाख रुपये वाचवते. भांडवल दोन वर्षांत परत. तेच उपकरण १,५०० तासांच्या हंगामी कारखान्यात पंचवीस हजार वाचवते. भांडवल परत यायला आठ वर्षे. उपकरण तेच, विक्रेता तोच, छापील माहितीपत्रकही तेच. फरक केवळ कारखान्याच्या दिनदर्शिकेचा. मोटारीचे उदाहरण घ्यावे. १५ किलोवॉटची चार ध्रुवांची आयई-२ वर्गाची मोटार ९०.६ टक्के कार्यक्षम असते, आयई-३ वर्गाची ९२.१ टक्के. पूर्ण भाराने २,००० तास चालवली, तरी वर्षाला वाचतात सुमारे ५४० युनिट, म्हणजे चार-साडेचार हजार रुपये. जुनी मोटार जळाली तर नवी घेताना वरचा वर्ग अवश्य घ्यावा. पण धडधाकट मोटार केवळ एवढ्या बचतीसाठी काढून टाकण्याचा सल्ला वर्षभर चालणाऱ्या सूतगिरणीच्या अहवालातून उचललेला असण्याचीच शक्यता अधिक.

आता चौथा माणूस येतो असे समजावे. तो ठरावीक फी मागतो. ती ऐकून वडिलांच्या कपाळावर आठी उमटते. मात्र तो कारखाना पाहण्यापूर्वी तीन गोष्टी मागतो: गेल्या चोवीस महिन्यांची वीज देयके, त्याच काळातील गाठींची नोंदवही आणि कारखाना कोणत्या तारखांना किती पाळ्यांत चालला त्याचा तक्ता. त्याच्या प्रश्नांवरून मुलाला हळूहळू उमगते, की देयकातील निम्मी कहाणी यंत्रांत नसून कागदांत आहे.

पहिला कागद ग्राहकवर्गाचा. राज्याच्या दरपत्रकात उच्चदाब औद्योगिक ग्राहकांमध्ये ‘हंगामी’ असा स्वतंत्र वर्ग आहे. वर्षात जास्तीत जास्त नऊ महिने चालणारे उद्योग त्यात येतात आणि व्याख्येतच जिनिंग, प्रेसिंग व सरकी तेल गिरण्या यांचा उल्लेख आहे. सर्वसाधारण वर्गात कारखाना बंद असला, तरी करार मागणीच्या ठराविक टक्क्यांवर मागणी आकार द्यावाच लागतो. तो टक्का ७५ आणि दर केव्हीएमागे दरमहा ५०० रुपये धरला, तर ४०० केव्हीएच्या करारावर महिन्याला दीड लाख रुपये होतात, मग आत एक दिवा का लागेना. बंद असलेल्या महिन्यांचा हा आकडा एकदा मांडून पाहिला, की कोणता वर्ग लाभाचा, विकल्प केव्हा द्यायचा आणि करार मागणी ४०० च का, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. प्रत्यक्षातील कमाल मागणी २६० च्या वर कधीच गेली नसेल, तर उरलेला करार कशासाठी ठेवला आहे? विदर्भ-मराठवाड्यातील उद्योगांना राज्य शासनाने २०१६ पासून देऊ केलेली वीजदरातील सवलत आपल्या देयकात दिसते का, हेही याच बैठकीत पाहावे. यासाठी एकही यंत्र विकत घ्यावे लागत नाही. म्हणूनच यंत्र विकणाऱ्याला ते सुचत नाही.

दुसरा कागद पॉवर फॅक्टरचा. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रातील उच्चदाब ग्राहकांची आकारणी किलोवॉट-तासांऐवजी केव्हीए-तासांवर होते. सोप्या शब्दांत, शंभर युनिटांचे काम ०.८० पॉवर फॅक्टरने केले तर देयकात १२५ लागतात, ०.९५ ने केले तर १०५. म्हणजे कपॅसिटर विकणारा खोटे बोलत नव्हता. पण त्याने अर्धेच सांगितले. या आकारणीत मागे पडणारा पॉवर फॅक्टर जसा महागात पडतो, तसा पुढे गेलेलाही पडतो. हंगामात भाराला पुरेसे ठरणारे कायमचे जोडलेले कपॅसिटर, कारखाना बंद असताना तसेच चालू राहिले, तर तेच देयक फुगवतात. भारानुसार आपोआप जोडणारे-तोडणारे पॅनेल आणि हंगाम संपल्यावर काय बंद करायचे याची भिंतीवर लावलेली यादी, हे हंगामी कारखान्याचे खरे औषध. स्वतःचा रोहित्र असेल, तर त्याचाही विचार यातच यावा. रिकाम्या अवस्थेतील क्षय केवळ एक किलोवॉट धरला, तरी सहा महिन्यांत चार हजारांहून अधिक युनिट कोणाच्याही उपयोगी न पडता जातात.

तिसरा कागद घड्याळाचा. वर्षानुवर्षे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील वीज स्वस्त म्हणून कारखानदारांनी रात्रपाळ्या लावल्या. आता वारे फिरले आहे. जून २०२३ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. दिवसाच्या सौर तासांतील दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि ऐन मागणीच्या तासांत व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी तो किमान १.२० पट असावा, अशी तिची दिशा आहे. जुन्या सल्ल्यावर रात्रपाळी चालवणाऱ्याने चालू दरआदेश हातात घेऊन हिशेब पुन्हा करावा. सल्लागाराच्या पिशवीत चालू दरआदेश आहे की नाही, हे पाहणे ही त्याला पारखण्याची एक सोपी रीत आहे.

सौर पॅनेलचेही असेच. एका किलोवॉटमागे दिवसाला सुमारे चार युनिट मिळतात, हे खरे. पण सर्वांत तळपणारे ऊन चैत्र-वैशाखात असते आणि तेव्हा जिनिंग बंद असते. नेट मीटरच्या व्यवस्थेत जास्तीची युनिटे आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत खात्यात जमा राहतात, आणि वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने उन्हाळ्याची जमा थंडीच्या हंगामात वापरता येते, ही जमेची बाजू. पण दिवसा बनलेले युनिट रात्रपाळीच्या युनिटाशी कसे वळते होते, ३१ मार्चला उरलेल्यांना काय भाव मिळतो आणि पॅनेलचा आकार हंगामी गरजेला धरून ठरवला आहे की छपराच्या क्षेत्रफळाला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कर्जाचा अर्ज भरू नये. सौर संयंत्रावर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो. मात्र ते पहिल्या वर्षी १८० दिवसांहून कमी वापरात असेल, तर घसारा निम्माच मिळतो. विक्रेत्याच्या तक्त्यात पहिली ओळ ठळक असते, दुसरी बहुधा नसते.

तिसऱ्या माणसाचा प्रस्ताव सर्वांत मोहक असल्याने त्याचा विचार सर्वांत सावधपणे करावा लागतो. वाचलेल्या पैशांत हिस्सा, ही कल्पना नवी नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी आपले वाफेचे इंजिन याच बोलीवर खाणमालकांना दिले होते: जुन्या पद्धतीच्या इंजिनापेक्षा जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश आम्हाला. इंजिनाचे हेलकावे मोजणारे यंत्र कुलूपबंद पेटीत ठेवलेले असे. एवढे करूनही कॉर्नवॉलच्या खाणमालकांशी त्यांचे तंटे झालेच, कारण ‘जुन्या इंजिनाने किती कोळसा खाल्ला असता’ हा प्रश्न शेवटी अंदाजाचाच राहतो. अडीचशे वर्षांनंतरही भांडणाची जागा तीच आहे: बचत कशाच्या तुलनेत?

कल्पिलेल्या कारखान्याकडे पुन्हा पाहावे. पहिल्या वर्षी १०,००० गाठी झाल्या आणि ५,००,००० युनिट लागले. सल्लागाराशी देयकातील घट मोजण्याचा करार झाला. पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला, बोंडअळी आली, गाठी ७,००० च झाल्या. वापर ३,७१,००० युनिट. देयकात १,२९,००० युनिटांची घट, म्हणजे १० लाख ३२ हजार रुपये. त्याचा चौथा हिस्सा २ लाख ५८ हजार. कराराप्रमाणे तो द्यावा लागेल. पण पहिल्या वर्षी गाठीमागे ५० युनिट लागत होते, दुसऱ्या वर्षी ५३ लागले. कार्यक्षमता सुधारली नाही, उलट घसरली. जे वाचले ते पीक बुडाल्यामुळे वाचले, आणि बुडालेल्या पिकावर मालकाने बक्षीस दिले.

या हिशेबालाही न्यायाची दुसरी बाजू आहे. काही वीज गाठींच्या संख्येवर अवलंबून नसते. दिवे, रोहित्राचा क्षय, कार्यालय, पहारा यांना ती लागतेच. त्यामुळे मंद वर्षात गाठीमागचा आकडा थोडा वाढणे स्वाभाविक आहे आणि त्याचा दोष सल्लागाराच्या माथी मारणे अन्याय्य ठरेल. म्हणून करारात आधारवर्षाचा वापर दोन भागांत मांडावा: स्थिर वापर इतका, आणि प्रत्येक गाठीमागे इतका. १७० किलोची गाठ हे माप सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच मापावर वीजही तोलावी. जो सल्लागार हे सूत्र स्वतःहून लिहून आणतो, त्याला विद्या आहे आणि नियतही आहे. जो ‘एवढ्या खोलात कशाला, शेठजी’ म्हणतो, त्याला आदराने चहा पाजून निरोप द्यावा.

विद्या पारखण्याची आणखी एक रीत आहे. जिनिंगमधील पंख्यांविषयी त्याला बोलू द्यावे. पंख्याची गती ८० टक्क्यांवर आणली, की त्याची वीज जवळजवळ निम्म्यावर येते, हे पुस्तकातील सत्य प्रत्येकाला पाठ असते. पण नळीतील हवेची गती एका मर्यादेखाली गेली, तर कापूस नळीत तुंबतो, हे ज्याने कारखान्यात उभे राहून पाहिले आहे त्यालाच ठाऊक असते. कापूस हवेने ओढून नेण्याऐवजी पट्ट्याने वाहून नेला तर वीज पुष्कळ कमी लागते, हा विचार तो मांडतो का? जळक्या जोडण्या शोधण्यासाठी उष्णता दाखवणारा कॅमेरा आणतो का? रुईच्या शेजारी एक ढिली जोडणी म्हणजे काय, हे जिनिंगच्या मालकाला समजावून सांगावे लागत नाही. आणि मोजमापासाठी तो केव्हा येणार आहे? श्रावणात झाकलेली यंत्रे पाहून लिहिलेला अहवाल आणि पौषात भर हंगामात आठवडाभर मापके जोडून लिहिलेला अहवाल यांत महदंतर आहे. त्याने पूर्वी काम केलेल्या दोन हंगामी कारखान्यांचे पत्ते मागावेत आणि तेथे जाऊन एवढेच विचारावे, की अहवाल दिल्यानंतर वर्षभराने तो पुन्हा मोजायला आला होता का.

सर्वांनाच सल्लागार लागतो असे नाही. कापडाचे दुकान, किराणा, औषधविक्री यांचे देयक लहान असते; तेथे फी बचतीहून मोठी होईल. अशा ठिकाणी मंजूर भार तपासणे, दिवे आणि वातानुकूलन यंत्रे पाहणे आणि देयकाची प्रत्येक ओळ घरातील शिकत्या मुलाकडून वाचून घेणे पुरे. डाळ मिल, तेल गिरणी, शीतगृह आणि जिनिंग येथे मात्र फी हा खर्च न मानता सुताच्या गाठीवरची गाठ तपासण्याची मजुरी मानावी. अहवालातील शिफारशी तीन भागांत असाव्यात: बिनखर्चाच्या, थोड्या खर्चाच्या आणि भांडवली. पहिल्या दोन पार पडल्याशिवाय तिसऱ्यासाठी बँकेकडे जाऊ नये. कर्जावर व्याज चढते. सुधारलेल्या सवयीवर चढत नाही. २०२५ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरोने लघु-मध्यम उद्योगांसाठी व्याजात सूट देणारी योजना आणली असून तीत वस्त्रोद्योगाचा समावेश आहे. तेथेही आधी परीक्षण, मग प्रकल्प असाच क्रम आहे. आपला कारखाना तीत बसतो का, हे सल्लागाराकडून लेखी घ्यावे.

राहिला तो प्रश्न आकड्यांचा नसून घराचा आहे. पेढीची देयके, गाठींची वही, पाळ्यांचा तक्ता हे परक्याच्या हाती द्यायला वडिलांचे मन धजावत नाही. ती पेढीची नाडी आहे. मुलाला हा जुनाट संशय वाटतो. दोघांचेही खरे आहे. गोपनीयतेचे एक कलम करारात घातले, की वडिलांच्या शंकेला जागा मिळते आणि मुलाच्या कामाला वाट. तिसरा एक माणूस याहून अधिक अस्वस्थ असतो: तीस वर्षे कारखान्याची वायरिंग सांभाळणारा मिस्त्री. परका येऊन आपल्या चुका काढणार, या धास्तीने तो माहिती चोरतो आणि अहवाल लंगडा होतो. म्हणून सल्लागार पहिल्या दिवशी आला, की मालकाने मिस्त्रीला शेजारी बसवावे आणि सर्वांदेखत सांगावे, “काका, यांना काय दाखवायचे ते तुम्हीच ठरवा.” कोणती मोटार गरम होते, कोणता पंखा विनाकारण चालतो, हे त्याला कित्येक वर्षांपासून ठाऊक असते; त्याला कोणी विचारलेले नसते.

या सर्वांना वेळ लागतो, आणि तो हंगामाच्या तोंडावर मिळत नाही. सल्लागारांची चौकशी आषाढात सुरू करावी, नेमणूक दसऱ्यापूर्वी व्हावी, मोजमाप पौषात, भर हंगामात व्हावे, अहवालावर बाप-लेकांनी उन्हाळ्यात निवांत बसून निर्णय घ्यावा आणि कामे पुढच्या हंगामापूर्वी उरकावीत. त्याच उन्हाळ्यात मुनिमाने वहीत एक नवा रकाना आखावा: गाठीमागे युनिट. तो आकडा दर आठवड्याला मुलाने स्वतः लिहावा. दोन हंगाम तो हाताने लिहिल्यावर पेढीवर येणाऱ्या कोणत्याही सल्लागाराला काय विचारायचे, हे त्याला कोणी शिकवावे लागणार नाही.